तापाचे पेढे

तळेगावच्या दवाखान्यात, माझ्या पुढच्या बाकावर भाजे गावच्या एक आजी शेजारी बसलेल्या बाईला पेढा देत होत्या.

“कसले पेढे, मावशी?”

“लस टोचल्यावर नातीला ताप आला.”

“तापाचे पेढे?”

“व्हय. जल्मापास्नं तिच्या पेशींचा निरोपच एकमेकींना पोचत नव्हता, आमच्या भाऊबंदांवानी. रोग आला तरी आंग गप, लढायचंच न्हाई. मग तिच्या भावाच्या हाडातला मगज दिला.”

“आणि आता?”

“आता रक्त तपासलं. लस लागू झालीया. डाक्टर म्हनले, शाळंत धाडा.”

“खूश असेल पोरगी.”

“लय. आजवर कुनाजवळ बसू दिलं न्हाई तिला. म्हनती, जितं पोरी दाटून बसत्यात, तितंच मी मधी बसनार.”