काढला का?

कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते.

"ताई, पैसे एकाच कॅमेऱ्याचे आहेत. डीएसएलआर घेऊ. फोटो कडक येतात, वर व्हिडिओही निघतो."

"निघतो, पण मध्येच बंद पडतो. बाबा बोलायला लागले की आवरतात का? कॅमकॉर्डरच बरा."

"बोलायला लागले तर ना! कॅमेरा दिसला की हाताची घडी आणि श्वास बंद. अगदी आईसारखं."

"आईचं काय मध्येच?"

"मावशीकडचा व्हिडिओ आठव. फोटो काढतोय समजून आई पुतळ्यासारखी उभी. तिथे कॅमकॉर्डरने काय दिवे लावले?"

"तो शेवटपर्यंत बघितलायस कधी?"

"त्यात बघण्यासारखं काय आहे?"

"शेवटी ती ओठ न हलवता विचारते, 'काढला का रे?'"

"मला विचारते?"

"तूच शूटिंग करत होतास ना? मग तुलाच."

"मी काय म्हणालो?"

"काही नाही. तू बंद केलास. तिचा तेवढाच आवाज उरलाय आपल्याकडे."

दुकानदार मोकळा झाला. "हं, बोला साहेब. कोणता काढून दाखवू?"

"मध्येच बंद पडत नाही तो," भाऊ म्हणाला.