वरचा माळ स्वच्छ आहे

वहिनी : मग हे काय आहे, भावजी? हे सगळं पिवळं?

भावजी : आधी टेका जरा. धाप लागलीय तुम्हाला. या दगडावर बसा.

वहिनी : धाप माझी मी बघते. चाळीस मिनिटं गुडघा ओढत चढले, ते बसायला नाही. काय आहे हे?

भावजी : तीच. आपण खाली उपटतो ती पिवळी.

वहिनी : आणि दोन वर्षं दर रविवारी खाली येऊन मला काय सांगत होतात? "वरचा माळ स्वच्छ आहे, वहिनी. एक रोप दिसेल तर शपथ."

भावजी : शपथ नव्हती घेतली.

वहिनी : भावजी.

भावजी : बरं, घेतली असेल. एकदा.

वहिनी : पाय ठेवायला जागा नाही इथे. खालचं गवत कुठे गेलं? थंडी सरली की बारीक निळी फुलं यायची, ती?

भावजी : पिवळीखाली काही तग धरत नाही. तुम्हीच तर शाळेत जाऊन सांगता मुलांना. परक्या मुलखातली, कुणाच्या तरी बागेतून सुटलेली, आणि बसली ती बसलीच.

वहिनी : माझंच मला ऐकवू नका. तुमचे दादा गेले तेव्हा एवढा एकच तुकडा पुरा साफ झाला होता. पाच वर्षं घातली त्यांनी यात. मी खाली वाकून उपटत होते ती एकाच भरवशावर, की वर त्यांचं काम शाबूत आहे.

भावजी : ठाऊक आहे मला.

वहिनी : आली कुठून पण? तिचं बी जड, वाऱ्याने एवढं वर चढत नाही.

भावजी : वाऱ्याने नाही आली. ती रांग बघा, पायवाटेच्या दोन्ही अंगांनी. आणि सगळ्यात दाट कुठे? या दगडाभोवती.

वहिनी : इथे तर आपण चहा प्यायचो.

भावजी : चहाआधी बूट काढून आपटायचो. दादाचा नियमच होता ना. कामाला खालून सुरुवात, शेवट वर, मग बूट झाडून चहा. सात-आठ जणांचे बूट, खालचा चिखल, त्यात बी. आपणच पेरली, वहिनी. एक रविवार न चुकवता.

वहिनी : वरून खाली यायला हवं होतं.

भावजी : हो. स्वच्छ बाजूकडून घाण बाजूला. तीस वर्षं घरोघर विजेचे मीटर बघत फिरलो, आधी वरचा मजला, मग खालचे, म्हणजे गुडघे वाचतात. इथे मात्र अक्कल गहाण टाकली.

वहिनी : त्यांना कळलं होतं?

भावजी : नाही. बरं झालं.

वहिनी : बरं कसलं? कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी उजाडताच फावडं घेऊन वर आले असते. त्यांच्या चुका माझ्यापासून झाकायला मी काय पाहुणी आहे? घरातला जिना त्यांनीच बांधला, अजून डोकं आपटतं माझं. सगळ्या चुकांसकट चोवीस वर्षं संसार केलाय मी.

भावजी : दादासाठी नाही झाकलं.

वहिनी : मग कुणासाठी?

भावजी : पहिल्या वर्षी वाटलं, गुपचूप उपटून टाकू. मंगळवारी, गुरुवारी एकटाच यायचो. पोतीच्या पोती उपटली. यंदा तिप्पट उगवली. हे बघा हात.

वहिनी : अगं बाई. आणि मला म्हणालात, मोरीचा पाइप दुरुस्त करताना सोललं.

भावजी : पाइपही केला होता.

वहिनी : फाटे फोडू नका. कुणासाठी?

भावजी : बाकीचे एकेक करून गळाले. डॉक्टरीणबाई मुलाकडे गेल्या, बेकरीवाल्याची पाठ धरली. उरलो आपण दोघं. हे कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, पुरे झालं, आता घरी बसू. चूक नव्हतं ते. पण मग रविवारी मी काय करायचं? आठवडाभर माझ्याशी कुणी बोलत नाही, वहिनी. पोस्टमन सही मागतो, तेवढंच.

(वहिनी दगडावर बसतात.)

वहिनी : मला दोन वर्षांपूर्वीच सोडायचं होतं.

भावजी : काय?

वहिनी : गुडघ्याने केव्हाच हात टेकले होते. रविवारी अंथरुणातून उठताना मनातल्या मनात शिव्या घालायचे तुम्हाला. म्हटलं, भावजी एवढ्या हौसेने वर चढतात, मी नाही गेले तर खचतील.

भावजी : म्हणजे दोघंही...

वहिनी : दोघंही. तोंड मिटा आता, माशी जाईल.

भावजी : रागावलात?

वहिनी : हो. खोटं बोललात याचा राग आहे, एकटे राबलात याचा त्याहून जास्त. आज काही तो उतरायचा नाही.

भावजी : आणि हे? आठ दिवसांत बी धरेल.

वहिनी : दोघांच्यानं हे व्हायचं नाही. उद्या वनखात्याच्या कचेरीत जाऊन सांगते, कसं पसरलं तेही सांगते. बघतील तर बघतील. मी दमले, भावजी.

भावजी : मीही.

वहिनी : दिसतंय.

भावजी : मग रविवारी...

वहिनी : रविवारी अकराला घरी जेवायला या. खुरपं न घेता.