कडेला उभी राहणारी मनी

आमी मूळचे कळंबचे. रान थोडं आन भाऊ दोघं, म्हनून वडील मला घेऊन जुन्नरला आले, बाजारपेठेतल्या बोळात फोटोचं दुकान टाकलं, थोरला भाऊ गावी शेतीवर ऱ्हायला. वडलांचा कॅमेरा अजून माझ्याकडं आहे. लग्नाबिग्नाचं काम आता सगळं डिजिटलवर, पन कुनाच्या घरचा बसवून काढायचा फोटो आसला की मी तोच नेतो, रोल घालतो, दुकानातच धुतो. लोक म्हनत्यात, ह्यात चेहरा मऊ येतो. मऊ. तो शब्द आता मला ऐकवत न्हाई.

त्या कॅमेऱ्याचं काय आसतं, ते आधी सांगतो, म्हंजे पुढचं कळंल तुमाला. त्यात आपन भिंगातून बघतच न्हाई. भिंग खाली, आन आपला डोळा वरच्या बारक्या खिडकीला. खिडकीत मधोमध एक चौकोन, त्यात समोरच्या मानसाची दोन चित्रं दिसत्यात, एकावर एक न बसलेली. भिंगाची कडी फिरवायची, दोन्ही जुळली की बटन दाबायचं. भिंगानं काय बघितलं ते रोल धुतल्यावरच कळनार. वडलांचं भिंग जुनं, लई जुनं. मधलं मानूस त्यात असं झ्याक यायचं, काय सांगू तुमाला, पन कडंला सगळं वितळल्यासारखं, फिरल्यासारखं. मी शिकत व्हतो तवा वडलांना म्हनलं, कड पुसट येती. ते म्हनले, फोटो मधल्या मानसाचा आसतो रं, कडंच्याकडं कोन बघतंय.

आन आमच्याकडं फोटोला उभं ऱ्हायची रीत ठरलेली. खुर्चीवर म्हातारा-म्हातारी, मागं ल्योक, खाली पोरं, सुना दोन्ही कडंला, धाकटी सून एकदम शेवटाला. कुनी सांगावं लागत न्हाई, आपसूक जाऊन उभ्या ऱ्हात्यात.

मनी माझ्या भावाची पोरगी. भाऊ वारला तवा लहान व्हती, आई त्याच्या आधीच गेलेली, मी आन मंगलनं, माझ्या बायकोनं, वाढवली. लग्न मी जमवलं, मीच, दुसऱ्या कुनी न्हाई. आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठी, मोठं बागायतदार खटलं. सासऱ्याला सगळी आबा म्हनत्यात. दर सालाला त्यांच्या गावच्या यात्रेला मी जायचो, पोरगी बी बघून व्हायची आन घरच्यांचा फोटो बी. मनी धाकटी सून, डाव्या कडंला शेवटची, मागं तिचा नवरा. मान अशी वर करून उभी ऱ्हायची. मी कॅमेऱ्यामागनं म्हनायचो, वा मने, मान आशीच ठेव. घरी आल्यावर मंगल इचारायची, कशी दिसती पोरगी. मी फोटो पुढं करायचो. तोंड पुसट, पन साडी भारी, मान ताठ. मंगल म्हनायची, बरी आसंल. मी म्हनायचो, बरीच आहे.

अवंदा पुण्याच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरनं मला नवं भिंग वापरायला दिलं. त्याच कॅमेऱ्याला बसनारं, पन आत्ताच्या काळातलं. म्हनला, कडंपत्तोर सुईसारखं येतं, बघ तरी. मला वाटलं, जुनं खरं का नवं, एकाच फोटोवर बघू. यात्रेला आबांच्या अंगनात एक जुन्यानं घेतला, मग म्हनलं, हलू नका, भिंग बदलून अजून एक. आबा म्हनले, का वं पावणं, एका भिंगात मावंना का आमचं खटलं? सगळी हसली. मनीचा नवरा बी हसला. मी आबांच्या टोपीवर दोन चित्रं जुळवली आन बटन दाबलं.

जुन्नरला परत आल्यावर दुकानाचं शटर ओढून दुपारी रोल धुतला, दोन्ही फोटो कागदावर काढले. जुन्याचा नेहमीसारखाच आला, मऊ. मग नव्याचा कागद औषधात टाकला. लाल दिव्यात आधी आबांची टोपी वर आली, मग खुर्च्यांचे पाय, तुळशीचा कट्टा, भितीवरच्या शेनाच्या हाताचे वळ सुदिक. मला लई भारी वाटत व्हतं. मग डावी कड वर आली. मनीच्या कमरेच्या बाजूला तिची येनी नवऱ्याच्या मुठीला गुंडाळलेली व्हती आन मूठ खाली वढलेली. म्हनून मान वर.

मला वाटलं, भिंगाचा दोष. खरंच वाटलं, का वाटून घेतलं, देवाला ठावं. तेवढाच कोपरा मोठा करून बघितला, अजून मोठा केला. जेवढा मोठा करावा तेवढी मूठ साफ. बोटातली अंगठी बी आली, लग्नात मीच घातलेली.

मंगलला दाखवला. तिनं पेटीतनं सालोसालचे फोटो काढून काउंटरवर वळीनं मांडले. सगळ्यात मनी पुसट, आन सगळ्यात मान वर. मग म्हनली, आन तुमी म्हनायचा, मान आशीच ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं दोघं गेलो. ओट्यावर सगळी बसलेली. मी नव्या भिंगाचा फोटो आबांच्या हातात दिला. मनात म्हनलं, दिसंल, कुनालातरी दिसंल. आबांनी चष्मा लावला, सोताला बघितलं, म्हनले, नवं भिंग एक नंबर, राव. मग म्हातारीनं सोताला बघितलं, थोरल्यानं सोताला, पोरांनी आपापल्याला. फोटो हातोहात फिरला आन कडंला कुनी बघितलंच न्हाई. शेवटी मनीच्या नवऱ्याकडं आला. त्यानं मात्र बरोबर कडंलाच बघितलं. लई येळ. मग माझ्याकडं बघून गोड आवाजात म्हनला, मामा, ही कड तेवढी कापून द्या.

मी म्हनलं, कड ऱ्हाऊ दे. पोरीला न्यायला आलोय.

मंगल आत गेली ती मनीचा हात धरूनच भाईर आली. आबा म्हनले, न्या की, चार दिस माहेरी. नवरा म्हनला, चार दिस म्हंजे चारच दिस, मामा.

ते चार दिस कवाच सरले. आता त्याची मोटरसायकल रोज बोळात येती, दुकानासमोर उभी ऱ्हाती. तो उतरत न्हाई, बोलत न्हाई, इंजिन बंद करत न्हाई. पोलिसात जाऊन आलो, वकिलाला भेटलो. आबांचा फोन येतो, पावणं, घरात भांड्याला भांडं लागतं, पोरीला धाडून द्या. मी न्हाई म्हनतो आन फोन ठिवतो.

लोक इचारत्यात, जुनं भिंग चांगलं का नवं. जुनं लई मायाळू आहे, भाऊ. त्या मायेच्या आड मी सुखानं झोपलो.

काल मनीला म्हनलं, तुझा एकटीचा एक फोटो काढू, मधी बस, इथं स्टुलावर. तिनं स्टूल उचललं आन मागं नेऊन भितीला लावलं. म्हनली, तात्या, हितं बसते, पाठीमागं कुनी नको.

पाठ भितीला टेकवून बसली, मान खाली घालून. भाईर गाडीचं इंजिन चालूच व्हतं. मी कॅमेऱ्याच्या खिडकीतून दोन मन्या एकावर एक आनल्या, लई येळ लागला, एक झाली. मान वर कर म्हनलं न्हाई. बटन दाबलं.