संकष्टीला आलेली पोर्तुगीज बाटली

आमच्या शेजारच्या मेधाकडची गंमत ऐका. लेकीचे होणारे सासरे, मूळचे पोर्तुगालचे, पहिल्यांदाच जेवायला आले आणि दिवस नेमका संकष्टीचा. मदतीला म्हणून मी हजर होतेच. त्यांनी आपल्या गावची पांढरी वाइन आणलेली. म्हणाले, "हिच्याबरोबर मासेच हवेत!"

मेधा स्वयंपाकघरात येऊन रडकुंडीला आली. "ताई, न्यू लिनच्या मासळीच्या दुकानातून स्नॅपर मासा आणता येईल हो, पण आज घरात मासा शिजवू कशी? पहिल्याच भेटीत व्याही नाराज होणार."

तेवढ्यात तिचा नवरा श्रीपाद आत आला. "अगं, साबुदाणा वडे तळ आणि वर लिंबू पिळ. ही वाइन आंबटसर असते, तळलेल्या खारट पदार्थाबरोबर मस्त लागते."

व्याह्यांनी एक वडा खाल्ला, घोट घेतला आणि ताटलीच जवळ ओढली. सात वडे संपवले! मेधाचा जीव भांड्यात पडला. मग स्वयंपाकघरात तिने श्रीपादला गाठलं.

"तुला रे कसं माहीत? तू तर घेत नाहीस ना?"

श्रीपादने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय, भाऊजी? दर संकष्टीनंतर तुमच्या रिसायकलिंगच्या बिनमध्ये हीच बाटली असते, हे मी आजवर कुणाला सांगितलंय का?"