पहिली फळी

काकूंच्या धाकट्या मुलीला मुलगा झाला, त्या वर्षीची गोष्ट. काकू डोळे तपासायला दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारी मामा-भाचे बोलत होते.

"मामा, करवतीचं मशीन दुरुस्त झालंय. मॅनेजर म्हणतात, आजच सुरू करा. पण माणसं हात लावायला तयार नाहीत."

"तू मुकादम ना? मग तू लाव."

"मला काय वेड लागलंय?"

"आमच्या वखारीचे मालक लावायचे. दुरुस्तीनंतर पहिली फळी त्यांचीच. दगा द्यायचा तर आधी मला देऊ दे, म्हणायचे."

"मालक असून?"

"डोक्यापासून पायापर्यंत भुसा! हसायचो आम्ही. पण ताप असला तरी कामाला जायचो, बरं का."

"घरी बायको ओरडत असेल."

"ओरडायची म्हणे, भुशावरून. खरं कारण त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. घाबरली असती बिचारी."

काकूंनी चष्मा काढून पुसला.

भाच्याने फोन लावला.

"मी येईपर्यंत मशीनजवळ कुणी जायचं नाही. पहिली फळी मी घालणार."

"नट आवळलेत का बघ आधी, शहाण्या."

काकूंना आत बोलावलं. वखारीचे मालक, म्हणजे काकूंचे यजमान, त्याच वर्षी जानेवारीत झोपेत वारले होते.