बापाचा खांब

कपुआस नदीच्या धक्क्यावर होडीची वाट बघत होतो. पुढ्यात एक बाई आणि तिचा शेजारी केळ्याची भजी खात बसले होते.

“तुकिमानभाऊ, तुमच्या पडीक दलदलीत सरकारी साहेब कशाला आले होते?”

“तिथं पुन्हा भात लावायचा म्हणतात. आधी जमीन किती खचली ते मोजायचंय.”

“त्यांनीच कालवे खणून पाणी काढलं, म्हणून खचली! माझ्या खांबांवरच्या घराला दोन पायऱ्या होत्या, आता शिडी लागते.”

“साहेबांना आकडा लागतो, वहिनी. त्यासाठी मागे लोखंडी खांब रोवला होता, पार खालच्या चिकणमातीपर्यंत. जमीन बसेल तसा खांब उघडा पडतो.”

“मग तो मोजायचा.”

“तो मी भंगारात विकला.”

“शाबास! मग?”

“मग काय, साहेबांना बापाच्या कबरीपाशी नेलं. तिथला खुणेचा लाकडी खांब कलंडू नये म्हणून मी तेवढाच खोल ठोकला होता. तेव्हा गुडघ्याएवढा होता, आता छातीला लागतो.”

“बिचारे तुमचे वडील! भाताच्या आशेनं जावाहून आले, एक लोंबी बघितली नाही.”

“त्या जमिनीत वर आला तो त्याचा खांबच. साहेब म्हणाले, दरवर्षी इथंच मोजू.”

“आणि तुम्ही मोजू देणार? बापाच्या कबरीवर? लाज नाही वाटत?”

“कसली लाज? जन्मभर म्हाताऱ्यानं साहेबांचे उंबरे झिजवले. आता टेप लावायला का होईना, दरवर्षी साहेब त्याच्यापुढे वाकतील.”