सात कामांचं हत्यार

आबा : सगळ्या यार्डासमोर! कोपऱ्यात घेऊन कानात सांगितलं असतंस, तरी मी गिळलं असतं.

लेक : साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, मी सगळ्यांसमोर सांगितलं.

आबा : काय विचारलं? ‘वडलांनी बनवलेलं हत्यार तुम्ही विजेच्या खांबावर न्याल ना?’ त्यावर पोटची पोर काय म्हणाली? ‘नाही.’ नुसतं नाही! ‘बघू’ नाही, ‘विचार करून सांगते’ नाही. दारातल्या भिकाऱ्यालासुद्धा माणसं ‘पुढे जा बाबा’ म्हणतात.

आई : आधी चहा घ्या. यार्डापासून उन्हातून तणतणत चालत आलात, घसा सुकला असेल.

आबा : तू मध्ये बोलू नकोस.

आई : मी कुठे मध्ये बोलते? मी ओट्याशी बोलते आहे. घरात दोन लाइनमन असले की माझं ऐकायला ओटाच उरतो.

आबा : दोन नाही. एक. तोही रिटायर झालेला. दुसरी कोण आहे ते तिलाच विचार.

लेक : मीही खांबच चढते, आबा.

आबा : चढतेस? त्या क्रेनच्या गाडीची बादली तुला वर नेते आणि गाडीची बादलीच खाली आणते. डोक्याला टोपडं, कमरेला पट्टा, हातात ते बाहुलीचे मोजे. वर एक दुपटं गुंडाळलं की पाळण्यात घालायला तयार!

लेक : गाडी मोठ्या रस्त्यावर जाते. बोळात जात नाही. तिथे मी शिडी लावून, पट्टा बांधूनच चढते. तुम्हाला चांगलं माहीत आहे.

आबा : मला तुमची टोळी माहीत आहे. आज डोळ्यांनी पाहिली. एक मोबाइलमध्ये तोंड घालून, एक सावली शोधत, आणि आमचं रत्न काय करतंय? तर मोजे गुंडाळून त्यांचे फुगे करतंय. साहेब म्हणाले, ‘त्या काय तुमच्या कन्या?’ वाटलं, म्हणावं, छे, ती फुगेवाली आहे.

लेक : चढायच्या आधी मोज्यात हवा कोंडून बघायचीच असते. टाचणीएवढं भोक असलं तरी—

आबा : तरी काय? आम्हाला कोणी फुगे फुगवायला शिकवलं नव्हतं. आमचं काही अडलं नाही.

आई : आज सदऱ्यावर डाग पाडलात की नाही? इस्त्रीचा होता.

आबा : तुझं काय मध्येच? इथे माझी अब्रू गेली आणि ही सदरा बघतेय. आणि तू, तू हे हातात घेऊन नीट बघ तरी. घे. चावणार नाही. ही पक्कड. हिच्यातच तार तोडायची धार. डोक्याच्या मागे हातोडी. मूठ उलटी धरली की पाना. आणि मुठीच्या पोटात तीन मिटलेले : पातं, पेचकस, कानस. सात कामं, एक हत्यार. तुम्ही कमरेला सात लोढणी बांधून गाढवासारखे चढता, त्यांची सुटका केली मी.

आई : आठवं काम सांगा की. माझ्या कुकरचं हँडल यानेच घट्ट केलंत ना? ते आता अजिबात हलत नाही. झाकणही हलत नाही. वरण आत, आम्ही बाहेर.

आबा : हे कुकरसाठी नाहीच आहे.

आई : आणि नळ? पिळायला गेलात आणि नळच हातात घेऊन आलात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आबा : कोणापुढे बोलतोय मी! एकीला कुकरपलीकडे दिसत नाही, दुसरीला मोज्यांपलीकडे. बाकीचे रिटायर होऊन पत्ते कुटत बसले. मी काय केलं? त्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढले. कानस घासून घासून पोलाद या आकाराला आणलं. आणि साहेब म्हणतात, उद्या तुमच्या मुलीला परत एकदा विचारतो. ती हो म्हणाली तर प्रत्येक टोळीला एकेक देऊ. माझ्या हातचं. प्रत्येक खांबावर! कळतंय का तुला?

लेक : कळतंय, आबा.

आबा : मग उद्या जायचं आणि म्हणायचं, आज ऊन लागलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि हो म्हणायचं.

लेक : नाही म्हणणार.

आबा : मग मला आबा म्हणू नकोस.

आई : अहो!

आबा : अहो नाही आणि काहो नाही. बापाचं नाव झालेलं हिला बघवत नाही. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे वासाच आधी फिरला.

लेक : ते पातं उघडून दाखवा.

आबा : हे काय. खाचेत नख घातलं, ओढलं, सट्! लोण्यातून निघाल्यासारखं येतं.

लेक : नख.

आबा : हो, नख! देवाने दिलंय ना? का तेही साहेबांकडे अर्ज करून मागवायचं?

लेक : आता मोजा घालून उघडा.

आबा : मी? मोजा? सगळ्या नोकरीत कधी बोट घातलं नाही त्यात. आता म्हातारपणी नटू होय?

आई : तुमचा जोड आहे की घरात. ऑफिसातून मिळालेला. आणलात तेव्हा त्याची आतली पावडरसुद्धा हलली नव्हती. मी वापरायला काढला. उजव्याने मोरी घासते, डाव्याने घट्ट बसलेल्या बरण्या उघडते.

आबा : त्याच लायकीचे आहेत ते.

आई : हा घ्या उजवा. जरा ओला आहे.

आबा : मोरीचा मोजा मी हातात घालू?

लेक : नका घालू. घाबरत असाल तर राहू दे.

आबा : मी घाबरतोय? वाऱ्यापावसात तारांवर लोंबलेला माणूस मी, मोज्याला घाबरतोय! आण इकडे. वास तरी काय मारतोय... आणि हत्यार दे ते.

(आबा उजव्या हातात मोजा चढवतात आणि हत्यार उचलतात. मोज्यातला अंगठा पात्यावरून फिरवत राहतात.)

आबा : हा मोजा जाड आहे.

लेक : सगळेच जाड असतात. आमच्या रबरी मोज्यावर आणखी चामड्याचा असतो.

आबा : मोरीच्या पाण्याने फुगलाय.

आई : रबर फुगत नाही हो. माणसंच फुगतात.

आबा : जरा गप्प बस, खाच सापडू दे... सापडली. आता अंगठा... अंगठा सरकतोय. थांब. असा तिरका धरला की... छ्या! दातांनी ओढायचं. त्यात काय!

लेक : दातांनी?

आबा : आम्ही तारेचं वेष्टण दातांनी सोलायचो!

लेक : हात कमी पडले म्हणून तोंडही तारेजवळ न्यायचं?

आबा : बरं, दात नको. मग मोजा काढायचा. घटकाभर. काढला, पातं उघडलं, परत घातला. आभाळ कोसळत नाही तेवढ्याने.

लेक : तेच झालं ना आज. तुम्ही होतात तिथे. आमच्या टोळीतला पैलवान तुमचं हत्यार घेऊन वर गेला. पातं उघडेना. मग त्याने काय केलं?

आबा : झटक्यात उघडलं त्याने. एकदम झकास. टाळ्या पडल्या.

लेक : कसं उघडलं?

आबा : हाताने. आणखी कसं?

लेक : मोजा दातात धरून ओढून काढला, आबा. मग नखाने पातं उघडलं. बोकडाच्या तोंडात पाला लोंबतो तसा मोजा तोंडात लोंबतोय, आणि आमचा शूरवीर उघडा हात हलवून खालच्यांना दाखवतोय. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही सगळ्यांत पुढे. बरोब्बर तेव्हाच साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘तुम्ही न्याल ना?’ मी काय म्हणायला हवं होतं?

आबा : अगं, पण यार्डातला खांब सरावाचा, बंद असतो! त्यात वीज असते का?

लेक : नसते. म्हणून तर तिथे खोड लागते. आज बंद खांबावर मोजा काढून टाळ्या मिळवल्या, महिन्याभराने चालू तारेशी हात आपोआप तेच करणार. तेव्हा त्याला कोण आठवण करून देणार, हा खांब यार्डातला नाही म्हणून?

आबा : भित्र्यांची लक्षणं ही! आम्ही जन्मभर उघड्या हातांनी काम केलं. काय झालं? काय झालं आम्हाला? बघ, धडधाकट उभा आहे.

आई : सदऱ्याची बटणं कोण लावतं तुमची?

आबा : चहा दे.

आई : चहा तुमच्यासमोर गार होऊन पडलाय. बटणं कोण लावतं ते विचारलं मी.

लेक : आई, त्याचं काय मध्येच?

आई : मध्येच नाही. ही गोष्ट आज निघायलाच हवी होती. रोज सकाळी मी यांच्यापुढे उभी राहून गळ्यापर्यंत बटणं लावते. तू लहानपणापासून बघतेस. तुला काय वाटायचं?

लेक : मला वाटायचं... लाड. मी मैत्रिणींना सांगायचे, माझे आईबाबा अजून नवीन लग्न झाल्यासारखे आहेत.

आई : लाड कसले डोंबलाचे! डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत यांची. तू रांगत होतीस तेव्हा चालू तारेने चाटलं. जिवावरचं बोटांवर निभावलं. सोबतच्यांना सांगितलं, काही नाही, मुंग्या आल्यात. घरी आले आणि बटण निघेना म्हणून सदरा फाडून काढला. तेव्हापासून बटणं माझ्याकडे आणि बढाया यांच्याकडे.

आबा : झालं तुझं?

आई : नाही झालं. मोजे घालणारे बायकी, पट्टा लावणारे भित्रे, बादलीतून जाणारे तान्हे. ऐकून ऐकून माझे कान किटले. आज यार्डात छाती काढून उभे होतात ना? त्या छातीवरचं शेवटचं बटण लावताना मला उशीर झाला म्हणून माझ्यावर खेकसला होतात.

आबा : त्याच बोटांनी हे हत्यार केलं मी. विसरू नकोस.

आई : विसरेन कशी? म्हणूनच ते असं झालंय. तुमच्याकडे उजव्या अंगठ्याचं नख तेवढं धड उरलंय, त्या एका नखावर सातही कामं टांगलीत. दुसऱ्याच्या हातात काय असेल, याचा विचार कधी केलात?

लेक : आई, पुरे.

आबा : बोलू दे तिला. आज तोंड उघडायला मुहूर्त सापडलाय.

लेक : आबा, ऐका. मी उद्या साहेबांना हो म्हणते.

आबा : काय?

लेक : हो म्हणते. नुसतं म्हणत नाही, चालू लाइनवर घेऊन जाते. फक्त एक करा. आत्ता, इथे, मला तुमच्या तोंडाने सांगा, ‘पोरी, वर गेलीस की मोजा काढ.’ एवढंच. मी तुमचा शब्द खाली पडू देणार नाही.

आबा : हा काय चावटपणा?

लेक : चावटपणा नाही. हत्यार तुमचं आहे. ते कसं वापरायचं, ते तुम्हीच सांगायचं.

आबा : तसं प्रत्येक वेळी काढायला नको...

लेक : पातं उघडायचं असेल तेव्हा?

आबा : तेव्हा... घाईत नसेल तर... हे बघ, तुझं वेगळं आणि—

आई : म्हणा की. जगाला सांगत आलात, घरच्या पोरीला सांगायला काय होतंय?

आबा : तू आगीत तेल ओतू नकोस.

लेक : माझं वेगळं कसं, आबा? पैलवानालाही घर आहे.

आबा : ...असलं नाटकी बोलायला कोण शिकवतं गं तुला? युनियनवाले? जा, दुपारच्या ड्यूटीची वेळ झाली. उगाच माझ्यापुढे उभी राहून भाषणं देऊ नकोस.

लेक : जाते. साहेबांना काय सांगू?

आबा : सांग, म्हाताऱ्याचं घासून व्हायचंय अजून. घाई असेल तर दुसरीकडे बघा म्हणावं. त्यांना तरी काय कळतंय, टाळ्या वाजवत होते ते.

लेक : तुम्हीसुद्धा.

आबा : मी बाकीच्यांच्या ऐकून वाजवल्या. जा आता. आणि हा मोजा इथेच राहू दे, मापाला लागेल. पात्याला जाड कडं लावून बघतो. मोज्यासकट बोट अडकेल असं.

आई : आणि मी मोरी कशाने घासू?

आबा : नको घासू.

लेक : येते, आई. येते... काय म्हणू तुम्हाला? आबा म्हणायचं नाही ना?

आबा : जास्त शहाणपणा नको. थांब.

लेक : आता काय?

आबा : ती तुझी बाहुलीची थेरं घेतलीस का?

लेक : मोजे? पिशवीत आहेत. सकाळी हवा भरून बघितलेत.

आबा : सकाळी यार्डात बघितलेस. त्यानंतर ते पिशवीत हत्यारांबरोबर कोंबलेस. काढ बाहेर.

लेक : कशाला?

आबा : काढ म्हटलं ना. तुमच्या टोळीच्या बघण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. कसं करतात हे? वरून गुंडाळत आणायचं?

लेक : हो. घट्ट गुंडाळायचं, म्हणजे हवा बोटांत कोंडते. मग कान लावायचा. पण आबा, तुमची बोटं—

आबा : माझ्या बोटांचं मी बघतो. अगं ए, ओट्याशी काय बोलत बसलीस? इकडे ये. एक टोक तू धर.